रेसचं पायडल

माझं तोंड वाईट आहे, हे आमच्या सगळ्या भावकीला माहीत आहे. मी त्याला तेव्हा स्पष्टपणा म्हणायचो. त्र्याण्णव-चौऱ्याण्णव साल असेल. पाथर्डीला एसटी स्टँडच्या मागं माझं जीप दुरुस्तीचं गॅरेज होतं. गॅरेज म्हणजे चार पत्रे, एक खड्डा आणि खड्ड्यात मी. हात मात्र चांगला होता. गाडी फाटकातून आत येतानाच नुसत्या आवाजावरून मी खोट सांगायचो आणि वर ड्रायव्हरची अक्कलही काढायचो.

माझा थोरला भाऊ, दादा, पाथर्डी-नगर जीप चालवायचा. माझ्याहून बारा वर्षांनी मोठा. आईबाप दिवाळीनंतर कोयता घेऊन ऊसतोडीला जायचे ते उन्हाळ्यातच परत यायचे, त्यामुळं मला खरं वाढवलं ते दादानंच. माझ्या भाकरी त्यानं थापल्या. शाळेत माझ्या तक्रारी ऐकायला तोच जायचा, आणि तक्रारी काय कमी नव्हत्या. गॅरेजचे चार पत्रेही त्यानंच आणून ठोकून दिले होते.

दादाचा पाय मऊ होता. जीपवाल्यांत त्याची ओळखच ती. पुढं चौघं, त्यातला एक तर ड्रायव्हरच्याही उजव्या अंगाला अर्धा बाहेर लटकलेला, मागं दहा-बारा जण, एवढी माणसं घेऊन करंजीचा घाट चढताना तो गाडीला एक हिसका बसू द्यायचा नाही. दिवस भरलेली बाई नगरला न्यायची असली की घरचे लोक भरलेली जीप सोडून द्यायचे आणि दादाची वाट बघत थांबायचे. तो चप्पल काढून गाडी चालवायचा. आमच्याकडं बरेच जण तसं करायचे, गाडी म्हणजे लक्ष्मी म्हणून. दादाचं कारण वेगळं होतं. त्याला म्हणे तळव्यातून इंजिन कळायचं, मध्ये चप्पल आली की गाडी मुकी व्हायची.

एक दिवस तो आला आणि म्हणाला की रेसचं पायडल, म्हणजे अ‍ॅक्सिलरेटर, मेलंय, दाबलेलं कळतच नाही. मी गाडी घेऊन स्टँडला एक चक्कर मारून आलो. मला काही खोट सापडली नाही. पण दादा सांगतोय म्हटल्यावर असणारच, असं मी धरून चाललो. त्यात त्या दिवसांत सगळ्या जीपवाल्यांना पिकअपचं वेड लागलेलं. एसटीच्या आधी तिसगावात जो पोचेल त्याची गाडी भरायची. दोघातिघांची पायडलं मी जलद करून दिली होती, त्यामुळं मला खुमखुमीच होती. इंजिनातल्या डिझेल पंपाच्या लिव्हरला टोकाशी पायडलाचा रॉड अडकवलेला असतो. मी लिव्हरच्या बुडाजवळ नवं भोक पाडलं आणि रॉड तिथं आणला. आता पायडल बोटभर दाबलं तरी पंप निम्मा उघडायचा. स्प्रिंग हलकी घातली. खालची जाड रबरी मॅट पायडलाच्या आड येत होती, ती कापून काढली आणि फेकून दिली. पत्रा उघडा पडला, पडू दे म्हटलं. दादानं एक चक्कर मारली, खूश झाला, म्हणाला, आता आवाज लगेच येतो.

आवाज येतो म्हणाला. कळतं म्हणाला नाही. मला तेव्हा एवढंही कळू नये?

आठ दिवसांत गाऱ्हाणी सुरू झाली. दादाची गाडी म्हणे उड्या मारते. एका म्हातारीच्या मांडीवरची अंड्यांची पाटी सांडली, एका गुरुजींचं डोकं वरच्या दांडीवर आपटलं. दादा परत आला आणि अजून जलद कर म्हणाला. मी केलं. पंधरा दिवसांनी पुन्हा तेच. आता पायडलावर माशी बसली तरी गाडी पळेल, इतकं हलकं झालं होतं, आणि हा म्हणतो कळत नाही! माझ्या कामाला कुणी नाव ठेवलं की माझं डोकं फिरतं. त्या दिवशी स्टँडवर, सगळ्या जीपवाल्यांसमोर, चहाच्या गाड्यापाशी मी ओरडलो, "पाय हाय का धोंडा? गाडी चालवता येत न्हाई म्हन की सरळ!"

लोक हसले. दादाही हसला. मग मलाच त्यानं चहा पाजला आणि खाली मान घालून गाडीकडं गेला. त्यानंतर दिवस भरलेल्या बायकांचे घरचे लोक दादाची वाट बघत थांबेनासे झाले. त्याच्या गाडीसमोरून दुसऱ्या जीपकडं जायचे. दादा ते बघायचा. मीही बघत होतो, आणि खरं सांगतो, माझ्या मनात एकच होतं, की माझ्या कामाची बदनामी होतेय.

चैत्रातली गोष्ट. दादा भर दुपारी नगरहून आला आणि प्रवासी उतरवून तसाच गॅरेजला आला. पायडल. मी तोंडातल्या तोंडात शिव्या घालत दारातून आत वाकलो. दादा सीटवरच बसून होता. पायडलाची पिन बघायला मी खाली पत्र्यावर हात टेकवला आणि कोकललोच. तव्यावर पडल्यासारखा तळहात चटकला. त्या पत्र्याखालून सायलेन्सरचा पाइप जातो, घाटाची खेप करून आल्यावर तो लालबुंद व्हायचाच, म्हणून तर तिथं मॅट असते. मी हात झाडत होतो आणि माझ्या हाताशेजारी, त्याच पत्र्यावर, दादाची अनवाणी टाच टेकलेली होती. तो बाहेर उभ्या असलेल्या कुणाशीतरी बोलत होता. मधेच वळून त्यानं मला काय झालं म्हणून विचारलं.

मी त्याचा पाय उचलून बघितला. टाचेचं कातडं गेलेलं, आतलं मांस काळं पडलेलं, आणि वास. ते त्या दिवसाचं नव्हतं, खूप दिवसांचं होतं. मी विचारलं दुखत नाही का. दादानं पाय माझ्या हातातून सोडवून घेतला आणि सीटखाली ओढला.

दवाखान्यात नेलं, तर रक्तात साखर निघाली. डॉक्टर म्हणाले, पायाच्या शिरा कधीच मेल्यात, भाजलेलं आतपर्यंत सडलंय. नगरच्या दवाखान्यात गुडघ्याखालून पाय काढला. दुखणं रेड्याला आणि डाग पखालीला, असं आपल्यात म्हणतात ते उगाच नाही. दोन महिने मी पायडलाला डाग देत बसलो होतो. बरं, नुसता डाग दिला असता तरी चाललं असतं. मॅट मी कापली होती. ती जागेवर असती तर टाच पत्र्याला लागलीच नसती. हे मी कुणाला सांगितलं नाही. वहिनी मला म्हणायची, भावजी, तुम्ही होता म्हणून वेळेवर आणलं. मी ऐकून घ्यायचो.

पाय काढल्यावर चार-पाच दिवसांनी दुपारी वहिनी डबा धुवायला गेली होती, आम्ही दोघंच होतो. दादा आपणहून बोलायला लागला. पाय बधिर होतोय हे त्याला दिवाळीपासूनच कळलं होतं म्हणे. आधी बोटं गेली, मग तळवा. पाय पायडलावर आहे की खाली पडलाय, हे त्याला वाकून बघावं लागायचं. मग तो आवाजावर गाडी चालवायला लागला. इंजिन किती ओरडतंय त्यावरून पाय किती दाबलाय ते ताडायचा, म्हणून त्याला पायडल जलद पाहिजे होतं. आवाज लगेच यावा म्हणून. चूक त्याचीही होती. गाडीत पंधरा जीव असायचे, ते त्यानं स्वतःच कबूल केलं आणि कुणाला काही झालं नाही म्हणून देवीचे आभार मानले.

मी विचारलं, "मग मला का न्हाई सांगितलंस? मी तुझा भाऊ हाय ना?"

दादानं पांघरुणाची घडी नीट केली. बराच वेळ करत राहिला.

"तू वरडला असतास," तो म्हणाला.

राग नव्हता, टोमणा नव्हता. मला कडेवर घेऊन ज्यानं शाळा दाखवली, तो माणूस मला भीत होता. कधीपासून भीत होता कुणास ठाऊक. त्या भीतीपायी त्यानं पाय घालवला, आणि मला ते कधी दिसलं नाही. मला त्याची माफी मागायची होती. पायाची, मॅटची, स्टँडवरच्या त्या बोलण्याची, सगळ्याची. मी कसंबसं तोंड उघडलं. दादाला वाटलं मी आता ओरडणार, आणि त्यानं डोळे घट्ट मिटून घेतले.