मारोतीच्या पाठीमागचा डोंगर

अकोटाहून सातपुड्याकडे निघालं की मधे आमचं गाव. गावाच्या उत्तरेला गायरान, आणि त्यावरून पार डोंगर दिसायचा. डोंगराच्या पायथ्याशी आईचं माहेर. तिथं भावजयीचं राज्य आलं आणि आईचं जाणं सुटलं. उरलं ते मागच्या दारातून बघणं. सकाळी सडा टाकून झाला की ती पदराला हात पुसत उभी राहायची. "आज धुकं हाये तिकडं," एवढं बोलून चुलीकडे वळायची. तेवढ्यावर तिचा दिवस निघायचा.

एकदा अकोटच्या एका व्यापाऱ्याला त्या गायरानात सरकीचं गोदाम बांधायची हुक्की आली. माझे बाबा ग्रामपंचायतीत पंच. घरात तोंडातून शब्द न काढणारा हा माणूस बैठकीत उभा राहिला आणि म्हणाला, "डोंगर दिसला पायजे. तिथं बांधकाम बंद करा."

"काहून? डोंगर का पयून चालला?" सरपंच म्हणाले.

आईचं नाव कसं घेणार? बाबांनी सृष्टिसौंदर्य पुढं केलं. ठराव एकमतानं पास झाला. एका पंचाला व्यापाऱ्याची जिरवायची होती, दुसऱ्याला गुरं चारायची होती. सृष्टिसौंदर्य कोणाच्या बापाले पाहिजे होतं!

पण ठरावाला आमच्याकडं भितो कोण? आठवड्याभरात गायरानात विटा येऊन पडल्या. मग बाबांनी अक्कल लढवली. आमचा माणूस कायद्याला भीत नाही, शेंदराला भितो. पहाटेच त्यांनी विटांशेजारी एक दगड मांडला, तेल-शेंदूर फासला, नारळ फोडला. उजाडेपर्यंत मारोती प्रकट झाल्याची बोंब त्यांनीच गावभर केली.

व्यापारी आला, हात जोडले आणि म्हणाला, "माह्या विटा देवाच्याच कामी लागू द्या."

झालं! विटांचा ओटा झाला. देव उन्हात कसा बसेल, म्हणून टिनं आली. टिनं वाऱ्यानं उडाली, म्हणून भिंती आल्या. बाबांनी भीतभीत ठरावाची आठवण करून दिली, तर सरपंचांनी निवाडा केला, "देऊळ का बांधकाम असते?" दगड आपणच ठेवला हे बाबा कोणत्या तोंडानं सांगणार? उलट पहिला नारळ यांचा, म्हणून गावानं त्यांनाच वर्गणीचा अध्यक्ष केलं.

कळस चढला त्या सकाळी आई सडा टाकून दारात उभी राहिली. समोर चुन्याची पांढरीफेक भिंत. आईनं हात जोडले.

"मारोतीराया, तुनं तं लंकेपावतो डोंगर उचलून नेला म्हंतेत. माह्या माहेराचा डोंगर जरासा बाजूले सरकव ना, बापा."

बाबा आत चहा पीत होते. त्यांनी बशी खाली ठेवली, टोपी घातली आणि मान खाली घालून पुढच्या दारानं देवळाकडं गेले. आरतीचा पहिला मान त्यांचाच होता.