पितळी उलथणं

लेकरू जेवायला बसलं की आया त्याच्या तोंडाकडे बघतात. माझी माय हाताकडे बघायची. ताटलीत धिरडं पडलं की मी पहिला तुकडा मोडेपर्यंत तिची नजर माझ्या उजव्या हातावरून हलत नसे. तुकडा मोडला की मग ती श्वास सोडी आणि दुसरं धिरडं तव्यावर टाकी. मी चिडायचो. "माझ्या हाताला काय सोनं लागलंय का?" ती म्हणायची, "सोनं मोडलं तर परत घडवता येतं."

आम्ही नांदगावकडचे. वडील गेल्यावर माय, धाकटी बहीण सुमन आणि मी असे तिघे सातपूरला आलो. तेव्हा तिथं एकामागून एक कारखाने उभे राहत होते. मी चौथी शिकलेला, पण अंगात रग होती आणि कुणापुढे हात पसरायची सवय नव्हती. पॉवर प्रेसवर लागलो. पहिली पाळी असली की भोंग्याच्या आधी पोटात धिरडं गेलंच पाहिजे, हा मायचा कायदा. ज्वारीचं पीठ ताकात भिजवायचं, वाटलेली लसूण-मिरची घालायची, बिडाच्या तव्यावर अर्धा कांदा तेलात बुडवून फिरवायचा आणि पीठ हातानं पसरायचं. उलटायला तिचं पितळी उलथणं. ते तिच्या माहेरचं. सुमननं हात लावला तरी म्हणायची, "ठेव ते. सासरी जाशील तवा तुझं तू घे."

तिची नजर माझ्या हातावर खिळली ती एका रविवारपासून. माझ्याच खात्यातला पंढरी घरी आला होता. बरेच दिवस रजेवर होता, एवढंच मी घरी सांगितलं होतं. मायनं त्याच्यापुढे धिरडं ठेवलं. तो डाव्या हातानं मोडायला लागला.

"अरे, उजव्या हातानं खा की. घरात कुणी वळण लावलं नाय का?"

पंढरीनं खिशातला उजवा हात काढून ताटलीजवळ ठेवला. मधली दोन बोटं नव्हती. "वळण होतं मावशी," तो हसून म्हणाला, "मशिनीनं घेतलं."

माय हसली नाही. तो जाईपर्यंत तिनं त्याला आग्रह करून करून वाढलं. तो गेल्यावर मला म्हणाली, "तू बी त्याच मशिनीवर हाय?"

"त्याच नाही. शेजारच्या."

"दाखव मला. कसं करता?"

मी पोळपाटावर दाखवलं. पत्र्याचा तुकडा हातानं साच्यात ठेवायचा, पायानं पेडल दाबायचं, वरून ठोका बसतो, तयार माल हातानं काढायचा. परत दुसरा तुकडा. ती बघत राहिली. "आणि पाय न दाबता वरचं खाली आलं तर?"

"तसं होत नाही." तसं कधीकधी व्हायचं. पंढरीचं तसंच झालं होतं.

माय उठली आणि पितळी उलथणं माझ्यापुढे धरलं. "तव्यात मी हात घालते का? हे घालते. हे घेऊन जा. यानं ठेवायचं, यानं काढायचं."

मला हसू आलं आणि रागही आला. बायकांचं हत्यार घेऊन मी खात्यात जाऊ? चिमटे तिथंही होते, खोक्यात पडून. चिमट्यानं काम सावकाश होतं आणि धरणाऱ्याला सगळे 'शेठाणी' म्हणून हाक मारत. मी सरळ नाही म्हणालो.

"बरं," माय म्हणाली. उलथणं तिनं खुंटीला अडकवलं. "मग मी बी नाय वापरत."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं धिरडं बोटांनी उलटलं. तापल्या तव्यावरून, कड धरून. बोटं झटकली, पदराला पुसली, पुढचं टाकलं. मी म्हटलं, "माय, उलथणं घे." ती म्हणाली, "तू घेतो का?" मी खाऊन निघालो. रोज तेच सुरू झालं. तिच्या बोटांच्या टोकांना फोड आले, फुटले, पुन्हा आले. सुमन रडायची. "दादा, तू तरी ऐक." मी न खाता जाऊन पाहिलं. संध्याकाळी सुमननं सांगितलं, मी गेल्यावरही मायनं माझ्या वाट्याची धिरडी केली, तशीच, हातानं.

खात्यात माझं लक्ष लागेना. साच्यात हात घालताना मायची बोटं दिसायची. साचा कुठला आणि तवा कुठला, असं व्हायला लागलं. मनात भीती शिरली की हात अडखळतो, आणि अडखळलेला हातच मशीन खातं. एका सकाळी मी खुंटीवरचं उलथणं काढलं. "डब्यातली भाजी हलवायला लागतं," म्हणालो. मी हरलो असं आजही मी मानत नाही. उलथणं नेलं, एवढंच.

फोरमननं ते हातात घेऊन वाजवून पाहिलं. "पितळ आहे ना? मग चालेल. लोखंड असतं तर साचा फुटला असता." खात्यात व्हायची ती टिंगल झाली. "शेठाणी, आज काय, थालीपीठ?" पंढरी मात्र हसला नाही.

पावसाळ्यातल्या एका सकाळी पेडलवर पाय नसताना प्रेस खाली आला. आवाज झाला. मी डोळे मिटले. उघडले तेव्हा उलथण्याचं पान साच्यात चेपून कागदासारखं झालं होतं आणि दांडा माझ्या मुठीत होता. मूठ सुटेना. पंढरीनं येऊन एकेक बोट सोडवलं.

पाळी सुटल्यावर घरी आलो. माय दारातच होती. मी दांडा तिच्या हातात दिला. माहेरच्या त्या उलथण्याकडे तिनं पाहिलंही नाही. माझा हात उलटासुलटा करून बघितला आणि आत वळली. "हात धुऊन घे. धिरडं टाकते." भर दुपारी.

पुढं खात्यात चिमटे खोक्यातून बाहेर आले. मायनं बाजारातून लोखंडी उलथणं आणलं. पण सकाळची तिची नजर काही सुटली नाही. माझं लग्न झालं, सुमन सासरी गेली, तरी नाही.

शेवटी ती अंथरुणाला खिळली. बोलणं बंद झालं होतं. सुनेच्या हातचं खाईना, म्हणून मीच धिरडं केलं. जाडजूड झालं, एका कडेला करपलं. तुकडा मोडून तिच्या तोंडाशी नेला. तिनं तोंड घट्ट मिटून घेतलं. मला वाटलं, आता हिला नको झालं सगळं. तेवढ्यात तिनं माझा हात धरला. आपल्या राठ बोटांनी माझं एकेक बोट चाचपलं, अंगठ्यापासून करंगळीपर्यंत.

मग तोंड उघडलं.