तीन टापा आणि चौथीची रिकामी जागा

या सदरातले अनुभव मी कितीतरी वर्षं वाचतेय, आणि खरं सांगायचं तर हसायला वाचतेय. कुणाला जिन्यात बाई दिसते, कुणाचा बंद पडलेला रेडिओ वाजतो... मी मोठ्याने वाचायचे आणि माझा नवरा अमेय आणि मी मिळून त्यात चुका काढायचो. भूत-पिशाच्च, शकुन-अपशकुन यांतल्या कशावरच माझा विश्वास नव्हता. माझं कामच मोजमापाचं. आज मीच लिहायला बसलेय, आणि तीनदा लिहून खोडलंय. ज्यांना हसायचंय त्यांनी खुशाल हसा, मी रागावणार नाही.

आम्ही जर्मनीत ब्राउनश्वाइगला राहतो. अमेय रोज ट्रेनने वोल्फ्सबुर्गला गाड्यांच्या कंपनीत जातो आणि मी इथे पीएचडी करते. विषय – घोड्याची चाल. घोड्याच्या चारही पायांना काडेपेटीएवढे सेन्सर बांधायचे, चाल नोंदवायची आणि हाड मोडण्याच्या आधी त्या नोंदीत काही फरक दिसतो का ते शोधायचं. अडथळ्यांच्या शर्यतीतले घोडे मी मुद्दाम निवडले. भरधाव घोडा कुंपणावरून उडी घेतो आणि उतरताना क्षणभर सगळा भार पुढच्या एका पायावर येतो. तो पाय मोडला तर बहुतेक वेळा घोडा वाचत नाही. मैदानातच हिरवे पडदे लावून त्याला इंजेक्शन देतात. इथले लोक त्याला 'झोपवलं' म्हणतात.

मी ज्या तबेल्यात जायचे तो आमच्या घरापासून गाडीने अर्ध्या तासावर, हार्त्सच्या डोंगरांकडे जाताना लागणाऱ्या एका खेड्यात आहे. नऊ घोडे, वेगवेगळ्या मालकांचे. तबेल्याच्या मालकीणबाईच ट्रेनर – फ्राउ ब्रांडेस. साठीच्या, ताठ, कमी बोलणाऱ्या. तबेल्याच्या आतल्या वाटेवर काळ्या रबराच्या मॅट आहेत. बाहेर अंगणात वाळू. गेटपर्यंतचा रस्तासुद्धा मातीचा. हे सगळं मुद्दाम सांगतेय. त्या आवारात दगडी किंवा डांबरी अशी वीतभरसुद्धा जागा नाही.

पहिल्यांदा झालं ते सकाळी दहाच्या सुमारास. लख्ख ऊन होतं. कास्टेल नावाच्या घोड्याची मोजणी संपली होती, सेन्सर काढून झाले होते, आणि मी त्याच्या खोलीसमोर स्टुलावर बसून लॅपटॉपवर फाइल्स बघत होते. कास्टेल आत गवत खात उभा होता. मागून टापा ऐकू आल्या. टक्, टक्, टक् – आणि मग काहीच नाही. पुन्हा टक्, टक्, टक् – आणि चौथ्या टापेच्या जागी रिकामं. नाल ठोकलेला खूर दगडावर आपटतो तसा कडक आवाज. कुणीतरी लंगडा घोडा आत आणतंय असं वाटून मी वाट द्यायला स्टूल सरकवलं आणि मागे बघितलं. वाट पूर्ण मोकळी होती. बाकीचे घोडे बाहेर कुरणात, फ्राउ ब्रांडेस पार पलीकडे.

मी काय केलं? काही नाही. कास्टेलच्या नोंदी पुन्हा तपासल्या. चारही पाय घड्याळासारखे चालत होते. मी अहवालात 'दोष नाही' असं लिहिलं आणि घरी आले.

अकरा दिवसांनी शर्यत होती. मी कठड्याजवळ उभी होते. चौथ्या कुंपणावरून कास्टेल उतरला आणि त्याचा पुढचा डावा पाय गुडघ्याखालच्या नळीच्या हाडात मोडला. जॉकी पडला, तो लगेच उठला, त्याला काही झालं नाही. पण कास्टेल थांबला नाही हो... घोडा घाबरला की पळतो, पाय मोडला असला तरी पळतो. बाकीचे घोडे गेले तिकडे तो धावत सुटला, मग वळला आणि गवत सोडून, जिथे अँब्युलन्स आत येण्यासाठी फरसबंदी रस्ता आहे, त्या रस्त्यावर आला. माझ्यासमोरून गेला. डावा पाय नुसता लोंबत होता.

टक्, टक्, टक् – रिकामं. टक्, टक्, टक् – रिकामं.

फ्राउ ब्रांडेस आडव्या जाऊन उभ्या राहिल्या, त्याचा लगाम धरला, कपाळाला कपाळ लावलं. मग पडदे आले. मी कठडा धरून उभी होते आणि डोक्यात एकच – हे मी ऐकलंय. अगदी हेच. अकरा दिवसांपूर्वी.

अमेयला सांगितलं नाही. तो हसला नसता, पण त्याने समजूत घातली असती आणि मला ती नको होती. सांगितलं ते बाबांना – माझ्या सासऱ्यांना. ते तेव्हा तीन महिन्यांसाठी आमच्याकडे आले होते. फलटणजवळ सरकारी दवाखान्यात जनावरांचे डॉक्टर म्हणून त्यांची सगळी नोकरी झाली. ते बाल्कनीत बसून शेंगा सोलत होते. सगळं ऐकून घेतलं, शेंगा बाजूला ठेवल्या.

"केतकी, आधी की नंतर?"

"म्हणजे?"

"अगं, माणूस भयंकर काही बघतो आणि मग त्याला वाटतं की हे आपल्याला आधीच कळलं होतं. मेंदू मागे जाऊन खूण करून येतो. तू आवाज आधी ऐकलास याला काही पुरावा आहे?"

नव्हता. मला खूप बरं वाटलं. बाबांचं म्हणणं मी धरून ठेवलं, पुढचे पाच आठवडे त्यावरच काम केलं. मात्र तबेल्यात गेले की स्टूल भिंतीला टेकवून बसायचे, पाठीमागे मोकळी जागा नको वाटायची.

मग मोरिट्झ, त्याच तबेल्यातला दुसरा घोडा.

त्या दिवशी बाबा माझ्याबरोबर तबेल्यात आले होते. त्यांना घोडे बघायचे होते. मोरिट्झच्या पायांना सेन्सर बांधून मी त्याला खोलीत नुसता उभा ठेवला होता – उभ्या घोड्याची नोंदही लागते – आणि फोन तिवईवर लावून व्हिडिओ चालू होता. बाबा माझ्या शेजारी उभे. आणि मागच्या बाजूने आला. तोच आवाज. रबराच्या मॅटवर, दगडावर आपटल्यासारखा. दाराकडून आमच्याकडे येत होता. मी ओरडलेच, "कोण आहे?"

बाबा दचकले. "कुणाला विचारतेस?"

"तुम्हाला टापा ऐकू नाही आल्या?"

"नाही. हा चघळतोय तेवढंच."

मी पुन्हा दाराकडे वळून बघितलं. बाबा मोरिट्झच्या खोलीत शिरले, खाली बसले आणि त्याच्या पुढच्या दोन्ही पायांवरून वरपासून खालपर्यंत बोटं फिरवली. दाबून बघितलं. मोरिट्झने पाय हलवलासुद्धा नाही. "सूज नाही. ऊब नाही. मला काही सापडत नाही," ते म्हणाले. मग उठता उठता – "पण तुझ्यासारखे कान मला नाहीत असं समज. त्या बाईंना सांग. पायांचा एक्सरे काढू दे."

"काय सांगू? मला भास झाला म्हणून?"

"जे झालं ते सांग. मागच्या वेळी गप्प बसलीस, आता बसू नकोस."

फ्राउ ब्रांडेस अंगणात पाणी मारत होत्या. मोरिट्झची शर्यत पुढच्या रविवारी होती. मी म्हटलं, "मोरिट्झला पळवू नका."

त्यांनी नळ बंद केला. "बरं, तुझ्या मशीनवर काय दिसतंय?"

"काही नाही."

"तुझे सासरे डॉक्टर आहेत ना? त्यांना काय दिसलं?"

"काही नाही."

"मग?"

मी जमिनीकडे बघत आवाजाचं सांगितलं. तीन टापा, मग रिकामी जागा, जणू फरशीवर. मला वाटलं आता गेट दाखवतील, माझं संशोधनही तिथेच संपेल. पण त्या दोन पावलं माझ्याजवळ आल्या. त्या रस्त्यावर कास्टेलच्या आडव्या त्याच उभ्या राहिल्या होत्या. तो आवाज माझ्याइतकाच त्यांच्या कानात होता.

"कधी ऐकलास हा?"

"आत्ता. आणि कास्टेलच्या शर्यतीआधी, अकरा दिवस."

"आणि मला सांगितलं नाहीस," त्या म्हणाल्या. पाण्याचा पाइप तसाच टाकून आत गेल्या.

एक्सरे स्वच्छ आला. मोरिट्झचा मालक फोनवर एवढा ओरडला की मला पलीकडून ऐकू येत होतं. तरी बाईंनी हट्टाने मोरिट्झला घोड्यांच्या क्लिनिकमध्ये नेऊन हाडांचा स्कॅन करून घेतला. दोन दिवसांनी त्यांचा फोन आला. पुढचा डावा पाय. नळीच्या हाडात केसाएवढी चीर, नुकती सुरू झालेली. डॉक्टर म्हणाले होते की रविवारी पळाला असता तर उडीतून उतरताना हाड दुभंगलं असतं.

मोरिट्झ आजही जिवंत आहे. शर्यती बंद झाल्या, कुरणात दोन म्हाताऱ्या घोड्यांबरोबर असतो आणि खूप जाडा झालाय.

मी त्या आवाजाची पाठ सोडली नाही. माझ्या प्रोफेसरांना नाव न घेता विचारलं – सेन्सरला न दिसणारा फरक माणसाच्या कानाला जाणवू शकतो का? ते म्हणाले, शक्य आहे, अनुभवी कान चालीतला सूक्ष्म फरक पकडतो. पण मोरिट्झ चालत नव्हता. कास्टेलही चालत नव्हता. दोघेही उभे होते, गवत खात होते.

मग व्हिडिओ बघितला. टापांचा आवाज त्यात नाही. चघळण्याचा आवाज आहे, बाबांचं खोकणं आहे. पण एका क्षणी चघळणं थांबतं. मोरिट्झ मान वर करतो आणि त्याचे दोन्ही कान दाराकडे वळतात. आणि त्यानंतर, पूर्ण दोन सेकंदांनी, माझा आवाज येतो – "कोण आहे?" बाबांनी ते चार वेळा बघितलं आणि चष्मा काढून ठेवला. यावेळी मेंदू-बिंदू काही म्हणाले नाहीत.

इथे थांबले असते तर ही गोष्ट बरी झाली असती. लोकांना अशाच गोष्टी आवडतात – इशारा मिळाला, मुका जीव वाचला.

पण त्यानंतर फ्राउ ब्रांडेस मला प्रत्येक शर्यतीआधी बोलवायला लागल्या. सेन्सरचं निमित्त होतं, पण मशीनकडे त्या बघायच्याही नाहीत. मी घोड्याच्या खोलीसमोर अर्धा तास बसायचे. मग त्या यायच्या आणि विचारायच्या, "काही?" मी म्हणायचे, "काही नाही." त्या मान हलवायच्या आणि घोडा गाडीत चढायचा. सगळा उन्हाळा असाच गेला. माझी झोप उडाली होती. ट्रॅममध्ये, ऑफिसात, कुठेही मागे टाच वाजली की मी वळायचे. बाबा परत गेले होते. अमेयला एव्हाना सगळं सांगितलं होतं. तो म्हणाला, "जाऊ नकोस." पण न जाणंही जमेना. मी गेले नाही आणि काही झालं तर?

लिंडे नावाची घोडी होती. लाल-तपकिरी, खोडकर, माझ्या जॅकेटची चेन दाताने उघडायची. तिच्यासमोर मी मुद्दाम तासभर बसले. कानात प्राण आणून ऐकलं. शांत.

"काही?" बाईंनी विचारलं.

"काही नाही. नक्की काही नाही."

'नक्की' हा शब्द मी का घातला कोण जाणे.

लिंडे शेवटच्या कुंपणाला अडखळली आणि डोक्यावर पडली. मान मोडली. उठलीच नाही. पडद्याची, इंजेक्शनची गरजच पडली नाही... पडदे मात्र लावले, लोकांना दिसू नये म्हणून. मी धावत गेले तेव्हा फ्राउ ब्रांडेस तिच्या बाजूला गुडघ्यांवर बसल्या होत्या. मला बघून म्हणाल्या, "तू म्हणाली होतीस, काही नाही." रागाने नाही. एखादा पत्ता पुन्हा विचारून घ्यावा, तसं.

मी फलटणला बाबांना फोन केला आणि रडले. ते म्हणाले, "अगं, तू काय पंचांग आहेस का? तुला दोनदा काही ऐकू आलं म्हणजे तिसऱ्यांदा यायलाच हवं, हा करार कुणाशी झाला होता?" बरोबर आहे त्यांचं. पण माझ्या 'नक्की'वर ती गाडीत चढली.

मी आता तबेल्यात जात नाही. विषयाची दिशा बदलून घेतली, जुन्या नोंदींवर भागवते. तो व्हिडिओ दोन तज्ज्ञांना दाखवला. घोड्याचे कान आपल्यापेक्षा तीक्ष्ण असतात, बाहेर काहीतरी वाजलं असेल, असं दोघांनीही सांगितलं. असेल. मग मला जे ऐकू आलं ते काय होतं, ते कुणाला सांगता आलेलं नाही आणि मलाही नाही.

गेल्या आठवड्यात बाईंचा मेसेज आला. नव्या घोड्याची पहिली शर्यत आहे, शनिवारी सकाळी येशील का. मी अजून उत्तर दिलेलं नाही. आवाज कुठून आला, या प्रश्नाचं उत्तर नाही मिळालं तरी मी कशीबशी जगेन. पण लिंडेच्या वेळी तो का आला नाही, हे मला कुणीतरी सांगा.