बाजेवरून डांबरी रस्त्यापर्यंत

मैत्रिणींनो, भोकरच्या दवाखान्यातून लिहून राहिले. माझ्या जाऊबाई सुनीताताई आता बऱ्या आहेत.

सकाळी कापूस वेचताना त्यांच्या पायाला साप चावला. आमचं रान डोंगराच्या कडेला, तिथवर गाडी येत नाही. मी लई घाबरले. पण गावातल्या आशाताईंनी अशा वेळी काय करायचं त्याचा आम्हा बायांकडून सराव करून घेतला होता, म्हणून हात चालले. सुनीताताईंना आडवं केलं, सूज चढायच्या आत जोडवी काढली, पाय हलू नये म्हणून काठी लावून दस्तीच्या कापडानं सैलसर बांधला. जीपवाल्या भाऊंना फोन केला.

सासूबाई म्हणाल्या, "आधी मारुतीच्या देवळात न्या."

ताईच हळू बोलल्या, "आत्याबाई, देवाला मी बरी होऊन जाते. आता दवाखान्यात जाऊ द्या."

शेजारच्या रानातल्या चौघांनी त्यांना आखाड्यावरच्या खोपीतल्या बाजेवर घालून डांबरी रस्त्यापर्यंत आणलं. जीप तिथं उभीच होती.

डॉक्टर म्हणाले, "वेळेत आणलं, म्हणून बरं झालं."

सासूबाई आता उशाशी बसून म्हणून राहिल्या, "आशा पुन्हा शिकवणार असंल तर मला बी सांग."

तुमच्या रानात असं झालं, तर बाज कोण उचलणार, हे ठरलंय का?