आप्पा आणि हलणारी रेघ

जगात जे जे म्हणून हलतं, डुलतं किंवा एका मापात राहत नाही, त्या सगळ्याशी माझ्या सासऱ्यांचं जन्माचं वैर होतं. मूळचे पुनावळ्याचे. भोसरीच्या एका कंपनीत तीस वर्षं इन्स्पेक्शनला काढली; रिटायर होताना कंपनीनं घड्याळ दिलं, पण अंगातला इन्स्पेक्टर काही काढून घेतला नाही. त्याची फळं आम्ही भोगली. भाकरी एका बाजूला जाड झाली की आप्पा ती ताटाच्या कडेला सरकवत आणि शांतपणे "रिजेक्ट" म्हणत. डब्याचं झाकण नीट बसलं नाही की त्यावर लाल स्टिकर. हिरव्या पेनानं 'ओके' असा शेरा मिळालेली वस्तू घरात एकच होती, आणि ती गॅसची शेगडी होती. माझ्या लग्नात लोक अक्षता घेऊन ताटकळले होते आणि हे गृहस्थ अंतरपाट एका बाजूला दोन बोटं खाली आला म्हणून भटजींशी भांडत होते. ती बाजू माझी होती. माझा राग तेव्हापासूनचा आहे.

मला नववा लागला तेव्हा साखर थोडी वाढली, म्हणून चिंचवडच्या एका प्रसूतिगृहात दर चार दिवसांनी बाळाचे ठोके तपासायचं ठरलं. नवऱ्याची चाकणला शिफ्ट, त्यामुळे सोबत आप्पा. पोटाला दोन पट्टे बांधायचे, वीस मिनिटं पडून राहायचं, आणि मशीनमधून कागदाची पट्टी निघते, तिच्यावर बाळाच्या ठोक्यांची रेघ. सिस्टरनी सांगितलं की ठोके एकशेदहा ते एकशेसाठच्या मध्ये हवेत. मर्यादा ठरलेली आहे हे ऐकून आप्पा खूश झाले. घरी येऊन त्यांनी पट्टीच्या झेरॉक्सवर स्टीलची पट्टी ठेवून दोन लाल रेषा मारल्या. ठोके सगळे रेषांच्या आत होते, तरी तोंड आंबट. "लिमिटमधी हाय, पण हालती किती! आमच्याकडं असली रेघ आली आसती तर आमी मशीन बंद केलं आसतं." मग सासूबाईंना समोर बसवून त्यांनी तासभर शिकवलं की रेघ जितकी सरळ तितका माल चांगला. सासूबाईंनी मान डोलावली.

आणि ही रेघ हलते कुणामुळे? तर माझ्यामुळे. मी जिने चढते, खदाखदा हसते, कुशी बदलते. आठवडाभर मला हसण्याची बंदी होती. मुलाचे पाय पाळण्यात दिसतात म्हणतात. आमच्याकडे पाळणा यायच्या आधीच तपासणी सुरू झाली होती. पोट माझं, बाळ माझं, आणि शेरा मारणार हे! माझं डोकं नुसतं तापायचं.

तिसऱ्या खेपेला त्यांनी सिस्टरकडेच तक्रार केली. सिस्टर लातूरकडच्या, तोंडानं तिखट. त्या म्हणाल्या, "काका, हे लेकरू आहे, पिस्टन न्हवं. रेघ हलायली म्हणजे बाळ मजेत आहे. ती सरळ झाली की आमच्या पोटात गोळा येतो." परतताना रिक्षानं हायवे ओलांडला तेव्हा आप्पा पुटपुटले की मग तीस वर्षं आपण काय पास करत होतो. मला आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. पण ही हार त्यांनी घरी सासूबाईंना सांगितली नाही.

कळा सुरू झाल्या त्या दुपारी सिस्टर शेजारच्या खोलीत दुसऱ्या बाईच्या बाळंतपणात अडकल्या होत्या. पोटाला पट्टे बांधून मशीन चालू होतं, मला कळांमुळे कागदाकडे बघायचं भान नव्हतं, आणि जवळ फक्त सासूबाई होत्या. आप्पा पडद्यापाशी गरम पाण्याचा थर्मास द्यायला आले, तेव्हा सासूबाई आनंदानं म्हणाल्या, "अहो, बघा तरी, मघापासून कशी सरळ चाललीय. देव पावला."

आप्पांनी चष्मा वर केला आणि कागदाकडे पाहिलं. मग ते वळले आणि कंपनीत खराब माल दिसल्यावर देतात तशी हाक त्यांनी पॅसेजमध्ये दिली, "लाइन थांबवा!" फरशी पुसणारी मावशी जागच्या जागी थांबली. सिस्टर धावत आल्या, कागद पाहिला, मला डाव्या कुशीवर केलं आणि डॉक्टरांना बोलावलं. कळांच्या मधे रेघ सपाट होतीच, शिवाय प्रत्येक कळेला ठोके थोडे खाली जात होते आणि वर यायला वेळ लावत होते. अर्ध्या तासात ऑपरेशन करून मुलगी बाहेर काढली. ती लगेच रडली नाही. ते काही क्षण मी आजही कुणाला सांगत नाही. मग रडली. डॉक्टर म्हणाले, वेळेत कळलं.

तिसऱ्या दिवशी मी न राहवून आप्पांना विचारलं की सरळ रेघ वाईट असते हे आईंना आधी का सांगितलं नाही. मी खरंच संतापले होते. त्यांनी खाली बघितलं. "लाज वाटली, सूनबाई."

त्या दिवसाची मूळ पट्टी त्यांनी दवाखान्याच्या फाइलला झेरॉक्स लावून मागून आणली. पण तो कागदच असा की छपाई उडत जाते. मुलगी आता तीन वर्षांची आहे आणि घरात एक वस्तू जागेवर ठेवत नाही. आप्पांचा हात अलीकडे थरथरतो. परवा ते टेबलाशी बसून पुसट झालेली रेघ पेनानं पुन्हा गिरवत होते. सुरुवातीचा हलता भाग छान जमला. सपाट भाग आला तशी त्यांनी स्टीलची पट्टी शोधली. ती नातीनं कुठंतरी नेली होती. मग तसंच गिरवलं, आणि हात थरथरल्यामुळे तिथंही रेघ वरखाली आली. त्यांनी कागद माझ्यापुढं सरकवला.

"चुकलं," ते म्हणाले. "हितं सरळ व्हती."

मी त्यांच्या खिशातलं हिरवं पेन काढलं, खाली कोपऱ्यात 'ओके' लिहिलं, आणि कागद त्यांच्या हातात दिला.