राखून ठेवलेला रुसवा

लग्नात न रुसलेली वरमाय आमच्या जालना जिल्ह्यात आजवर एकच झाली असेल, आणि ती नेमकी माझ्या लेकीची सासू निघाली. आमच्याकडे वरमाय रुसते म्हणजे रुसतेच. तिला कारण लागत नाही. चहात साखर कमी पडली, मानाचं लुगडं फिकट निघालं, पंगतीत पापड मोडका वाढला, काहीही चालतं. मग मुलीच्या आईने पुढे होऊन समजूत काढायची, ती मागेल ते द्यायचं, आणि ती उठली की वाजंत्री पुन्हा सुरू. मंदाच्या लग्नात मी तयारीत होते. एक लुगडं जादा आणून ठेवलं होतं. पण ही बाई मांडवात निवांत बसून दुसऱ्यांदा जिलेबी खात होती. शेवटी माझ्या जावेनेच तिला जाऊन विचारलं, की अहो, रुसायचं कधी, वऱ्हाड निघायची वेळ झाली. तर ती म्हणाली, "आज न्हाई. आज माझं पोट भरलंय. माझा रुसवा बाकी ठिवा. लागल तवा मागून घेईन." सगळा मांडव हसला. मी हसले नाही. ज्या माणसाला घाई नसते त्याची मला धास्ती वाटते.

तोंडावर मी तिला तुम्ही म्हणते, इथे ती म्हणणार. ती राहते शहागडला, मी वडीगोद्रीला. मध्ये हायवे आहे, जीपमध्ये बसलं की मन बदलायच्या आत माणूस पोचतो. तिच्या घरापुढून ट्रक जातात आणि मागे गोदावरी आहे. ट्रककडे तिने कधी मान वळवून बघितलं नाही, पण नदीवर तिची नजर सासूसारखी. रोज सकाळी मिसरी लावत घाटावर जायचं, पाणी बघायचं आणि घरी येऊन निकाल सांगायचा, "आजबी उभीच हाये." निकाल सांगितल्याशिवाय घरात चहा होत नसे. नदी उभी असते हे खरंच आहे. खाली बंधारा, वर धरण. वरून कोणी सोडलं तर पाणी येतं, नाही सोडलं तर नुसतं ऊन खात पडून राहतं. पण हिचं माहेर वरच्या अंगाला, अगदी काठावर. वडील नाव चालवायचे. ही लहानपणी नावेच्या टोकावर बसायची, आणि तेव्हा धरण व्हायचं होतं. "तवा नदी जात होती," असं ती सांगते. आपण गेलेल्या माणसाबद्दल बोलतो, तसं.

बाकी वयाच्या बाबतीत ती कोणाचं ऐकत नाही. तिच्या बरोबरीच्या बायका भजनी मंडळात गेल्या, तेव्हा ती सायकल शिकली. पहिल्याच आठवड्यात उतारावर ब्रेक सापडेना म्हणून सरळ कापसाच्या गाडीत घुसली. लोक धावत गेले तर ही कापसात मानेपर्यंत रुतलेली. "पडले ते चांगल्या जागी पडले," म्हणाली आणि तिथेच पडून राहिली, कारण मऊ वाटत होतं. डॉक्टर एकदा तिला म्हणाले, आता वयाप्रमाणे थोडं होणारच. त्यावर ती म्हणाली, "वय माझंय, मंग तुम्ही कशाला त्येच्या वतीनं बोलून राह्यले?" आणि गोळ्या तिथेच ठेवून आली. मला मागे जाऊन आणाव्या लागल्या.

तर गोष्ट अशी, की आमचे जावई सुभाषराव यांनी उन्हाळ्याच्या सुट्टीत मनालीला जायचं ठरवलं आणि मोठ्या मनाने आम्हा दोघी म्हाताऱ्यांनाही बरोबर घेतलं. सहलीवाला माणूस घरी येऊन कुठे कुठे नेणार ते सांगून गेला. तरुणांसाठी बर्फ, आमच्यासाठी मंदिरं. बोलता बोलता त्याने मोबाइलवर एक व्हिडिओ लावला. लाल रबरी होडी, त्यात टोप्या घातलेली माणसं, आणि भोवती पांढरं फेसाळ पाणी असं उसळतंय की होडी दिसते न दिसते. विहीणबाईने त्याच्या हातातून मोबाइल काढून घेतला.

"ह्ये पानी कोनी सोडलं?"

"कोणी नाही, आजी. बर्फ वितळतं, आपोआप येतं."

"कोनीच सोडलं न्हाई?"

"नाही."

"बिलकुल?"

त्याला हसू आलं. म्हणाला, याला राफ्टिंग म्हणतात, कुल्लूजवळ नेतात, गाइड बरोबर असतो, पण ते तुमच्यासाठी नाही, तुमच्यासाठी मंदिरं आहेत. ती म्हणाली, "देवाला मी हितं रोज तोंड दाखवते. त्यो वळखतो मला. मला ह्या पान्यात बसायचंय." सुभाषराव म्हणाले, "आई, काहीतरीच काय. पाय घसरला, थंडीनं छातीत कळ आली, तर मी काय करू तिथं? लोक म्हणतील, पोरानं म्हातारीला पाण्यात ढकललं." पोरगा चुकीचं बोलत नव्हता. बाप असाच अचानक गेला होता, तेव्हापासून तो आईला शिंक आली तरी घाबरतो. विहीणबाईने सगळं ऐकून घेतलं, तांब्याभर पाणी प्यायली आणि माझ्या लेकीला म्हणाली, "तुझ्या आईला फोन लाव. म्हनावं, रुसले."

मी पोचले तेव्हा ती ओट्यावर घराकडे पाठ करून बसली होती. आयुष्यात पहिल्यांदा तोंड ट्रककडे. शेजारी भाकरी आणि वांग्याची भाजी.

"जेवताय?" मी विचारलं.

"रुसले हाये. उपाशी न्हाई."

"मग काय पाहिजे ते सांगून टाका. पाय धुणार नाही, आधीच सांगते. माझी कंबर धरलीय."

"पाय नका धू. नदी पायजे."

मला राग आला, खोटं कशाला सांगू. इतकी वर्षं गप्प बसून बाईने बरोबर नेम धरला होता. पण रुसवा तिचा होता आणि भर मांडवात राखून ठेवलेला होता. मी आत जाऊन जावयांना म्हटलं, "सुभाषराव, तेव्हा रुसल्या असत्या तर मी लुगड्यावर सुटले असते. आता त्या नदी मागतात. हा मामला विहिणी-विहिणींचा आहे, तुम्ही मधे पडू नका." त्यांनी दारातून आईच्या पाठीकडे बघितलं. मग म्हणाले, "तुम्ही स्वतः शेजारी बसून आईला धरणार असाल तर." मला पोहता येत नाही. विहिरीत बघायचं तरी मी कठडा धरून बघते. ओट्यावरून आवाज आला, "मंजूर हाये म्हनावं." मला कोणी विचारलंच नाही.

मग तयारी. हायवेवर पंक्चर काढणारे रशीदभाई तिच्या माहितीतले. त्यांच्याकडून ट्रकच्या जुन्या ट्यूब आणल्या, हवा भरली आणि त्यावर घरातली बाज उलटी बांधली. "भाभी, ये ट्यूब माल ढोने की है, आदमी ढोने की नै," रशीदभाई म्हणाले. ती म्हणाली, "दोनों बूढ़ियां मालच हैं, बांधो." बंधाऱ्याच्या उभ्या पाण्यात, काठाला दोर बांधून, हा आमचा सराव. वल्ही म्हणून दोन फावडी. व्हिडिओतल्या गाइडचे हुकूम तिने पाठ केले होते, फॉरवर्ड, बॅकवर्ड आणि स्टॉप. हे तिन्ही शब्द तिने घरभर चालू केले. म्हशीला बॅकवर्ड, दारातल्या सेल्समनला स्टॉप. मला तर ऊठसूट फॉरवर्ड. घाटावर कपडे धुणाऱ्या बायका पदर तोंडात धरून हसत. भजनी मंडळातली एक जण मला म्हणाली, "या वयात पाण्यात नाचणं शोभतं का?" मी म्हटलं, "तुम्हाला नाही शोभणार. तुम्ही नका नाचू." मला स्वतःला काही हौस नव्हती, पण नको म्हणणारे इतके जमले की जायचंच असं माझ्याही डोक्यात बसलं.

कुल्लूच्या पुढे नदीकाठी उतरलो. बियास. तिचा आवाजच असा की शेजारच्या माणसाशी ओरडून बोलावं लागत होतं. विहीणबाई काठाशी गेली आणि बघत राहिली. निकाल नाही, काही नाही. तेवढ्यात गाइड आला. तरुण, नम्र पोरगा. आमच्या केसांकडे बघून म्हणाला, "माताजी, आप लोग ऊपर बैठिए. इतनी उमर में नहीं बिठाते. फोटो अच्छा निकाल देंगे."

"फोटो का क्या करनेका?" ती म्हणाली. "वो तो एक दिन दीवार पे लगनेवालाच है."

पोरगा नकाराची मान हलवतच राहिला. सुभाषरावांच्या चेहऱ्यावर सुटका दिसली. विहीणबाई एका धोंड्यावर जाऊन बसली, सगळ्यांकडे पाठ, नदीकडे तोंड. मी जवळ जाऊन म्हटलं, "रुसवा एकदाच असतो. तो ओट्यावर झाला."

"त्योच चालूये," ती म्हणाली. "उतरला कुठं अजून?"

आता हे तिकडच्या पोराला कसं समजावायचं. मी माझ्या मोडक्या हिंदीत सांगितलं, की मैं लडकी की मां, ये लडके की मां, शादी में ये रूठी नहीं, अब रूठी है, हमारे में इसको मनाना मुझे ही पडता है. मनाऊं नहीं तो ये इधरच बैठेगी, कल भी बैठेगी. तो तोंडावर हात धरून हसला. मग तिच्याजवळ जाऊन बसला. छातीचं विचारलं, गुडघ्याचं विचारलं, होडीच्या काठावरून पाय टाकून दाखवा म्हणाला. तिने टाकला. त्याने सहज म्हटलं, "फॉरवर्ड." तिने हातात नसलेलं वल्हं बरोबर ओढून दाखवलं. तो म्हणाला, वरच्या मोठ्या लाटांत नेणार नाही, काही झालं तरी नाही. खाली नदी रुंद होते, तिथून थोडंसं नेतो, आणि मी सांगेन ते ऐकायचं. इतकं ऐकून घेताना मी तिला कधी पाहिलं नव्हतं. नऊवारीचा काष्टा घट्ट मारून, वरून लाल जाकीट आणि डोक्यावर टोपी घालून आम्ही दोघी निघालो. सुभाषरावांकडे मी बघितलं नाही.

पुढचं मला नीट सांगता येणार नाही, कारण निम्मा वेळ माझे डोळे मिटलेले होते. पाणी तोंडावर आलं ते इतकं गार, की शिवी अर्धी तोंडातच राहिली. होडी वर जायची, खाली यायची. मी एका हाताने विहीणबाईचा दंड धरला होता, तो तिच्यासाठी की माझ्यासाठी ते कोणी विचारू नये. गाइड ओरडला, फॉरवर्ड, आणि दंड सोडून वल्हं मारत होते ती मी. हुकूम पाठ करणाऱ्या बाईने वल्हं मांडीवर आडवं टाकलं होतं. तिने हात पाण्यात सोडला होता, आणि बोटांमधून पाणी जात होतं. पाणी थोडं शांत झालं तेव्हा ती माझ्याकडे वळून म्हणाली, "चाललीये हो." एवढंच.

काठावर उतरल्यावर सुभाषरावांनी दोघींना एकाच घोंगडीत गुंडाळलं आणि ते डोळे पुसत राहिले. विहीणबाई दात वाजवत म्हणाली, "उतरला रुसवा." मग जरा वेळाने मला म्हणाली, "पोरीच्या आईला रुसता येत न्हाई, ह्ये काय बराबर न्हाई. एक रुसवा माझ्याकडून तुम्हाला. लागल तवा घ्या." मी म्हटलं, आधी मला कोरडं लुगडं द्या.

यंदा दिवाळीपासून तिला घाटापर्यंत जाता येत नाही. खाटेवर असते. मी जीपने जाते, आधी मागच्या दाराने नदीवर जाऊन येते, मग चहाला बसते. परवा ती म्हणाली, "विहीनबाई, तुमचा रुसवा बाकी हाये. मी हाये तवर घिऊन टाका."

"राहू द्या बाकी," मी म्हटलं. "माझी समजूत काढल्याशिवाय तुम्हाला जाता यायचं नाही."

तिने माझ्याकडे नीट बघितलं. मांडवात मी न हसता तिच्याकडे बघितलं होतं, तसंच काहीसं. मग भिंतीकडे वळून म्हणाली, "पानी काय म्हंतंय?"

"उभंच आहे," मी म्हटलं आणि चहा ओतला.