मी तपासलेला दवाखाना

आमच्या सोसायटीतल्या दवाखान्याची मी तपासणी केली, तेव्हा मला तसा काडीचाही अधिकार नव्हता आणि अक्कलही नव्हती, हे आधीच सांगून टाकतो.

नव्वदच्या दशकाच्या मध्याची गोष्ट. आम्ही जुईनगरला नवीनच राहायला आलो होतो. तळमजल्याच्या एका फ्लॅटमध्ये एक डॉक्टरबाई दवाखाना चालवत. राहत्या जागेत दवाखाना म्हणून सोसायटीची ना-हरकत लागे आणि ती दर वर्षी सभेत नव्याने मंजूर व्हायची. त्या वर्षी सभेच्या तोंडावरच कचऱ्याच्या पिंपापाशी एक वापरलेली सिरिंज सापडली, सुईसकट. तिथे मुलं खेळायची. एड्सची धास्ती तेव्हा घराघरात होती.

"तुम्ही क्वालिटी कंट्रोलवाले," चिटणीस मला म्हणाले, "तुम्हीच बघा काय ते."

मी ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या एका कारखान्यात रंगाचा दाटपणा मोजायचो. रंग आणि रोगी यांत थोडा फरक असतो, हे माझ्या लक्षात आलं नाही. उलट त्याच संध्याकाळी जिन्याखालच्या फळ्यावर, पाण्याच्या वेळांच्या खाली, मी खडूने लिहिलं, 'दवाखान्याच्या स्वच्छतेबाबत चौकशी सुरू आहे. सभासदांनी सावध राहावे.' अक्षर माझं चांगलं आहे. लोक थांबून वाचायचे.

दुसऱ्या दिवशी मी टॉर्च, वही आणि श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात ती सिरिंज घेऊन दवाखान्यात गेलो. खिडकीच्या कडेवरून बोट फिरवलं. औषधांच्या बाटल्यांवरच्या तारखा वाचल्या. उकळत्या भांड्याचं झाकण उचलून वाफेने चष्मा धुरकट करून घेतला. बाकावर बसलेली गावातली एक म्हातारी डॉक्टरबाईंना म्हणाली, "बाय, हा कोन हाय? मीटर बगाला आयलाय काय?"

सगळं स्वच्छ होतं. पंख्याच्या पात्यांवर धूळ सापडली, तेव्हा मला केवढं बरं वाटलं.

मी डबा उघडला. बाईंनी आत पाहिलं. "ही माझ्या दवाखान्यातली नाही. आमच्या एवढ्या बारीक नसतात."

"मग कुणाची?"

त्यांनी डब्याचं झाकण लावलं. "ते मी नाही सांगणार."

मी वहीत लिहिलं, 'उत्तर देण्यास नकार.' खाली दोन रेघा मारल्या. पुरावा म्हणून डबा कपाटात कुलूपबंद केला. घरात कुणाला दाखवलाही नाही. तपास गुप्त होता ना!

रविवारी खाली पार्किंगमध्ये सभा भरली. मी अहवाल वाचला. "बंद करा मग दवाखाना," कुणीतरी म्हणालं. बाई हात मांडीवर ठेवून बसल्या होत्या. चिटणिसांनी हात वर करायला सांगितले आणि मी पुरावा उंच धरला.

मागच्या खुर्चीवरून माझे वडील उठले. "अरे, थांब. इकडे आण ती." त्यांनी चष्मा कपाळावर सरकवून पाहिलं. "ही माझी आहे. साखरेची."

"तुमची? बाबा, तुम्ही तर इंजेक्शनला दवाखान्यात जाता ना?"

"पहिले काही दिवस गेलो. मग बाईंनी शिकवलं. रोज सकाळी मीच टोचून घेतो आणि कागदात गुंडाळून टाकतो. तू तेव्हा कंपनीच्या बसमध्ये असतोस. सूनबाईला विचार."

बायको खाली मान घालून बसली होती. मागून आवाज आला, "साहेब, घरचा माल तपासायचा राहिला वाटतं!"

सगळे हसले. ना-हरकत मंजूर झाली. मी "पुढचा विषय, टाकीची सफाई," म्हणालो आणि बसलो. माफी मागायची वेळ तीच होती. बाई समोर होत्या. मी टाकीवर बोलत राहिलो.

फळ्यावरचा मजकूर मात्र तसाच राहिला. सभेला न आलेले आणि बाहेरून येणारे तो वाचून परत फिरत. येता-जाता मला दवाखान्याचा रिकामा बाक दिसायचा आणि मी जिन्यावर पाय उचलायचो. शेवटी एका संध्याकाळी आत गेलो आणि दार लोटून घेतलं.

"बाई, चुकलं माझं. पण तुम्ही मला तेव्हाच का नाही सांगितलंत?"

"तुमच्या हातात वही होती," त्या म्हणाल्या. "पेशंटचं नाव त्या वहीत लिहून देऊ?"

"माफ करा. फळा आत्ताच पुसतो."

"पुसू नका. पुसलंत तर लोक म्हणतील, प्रकरण दाबलं. आणि दार लावून माफी कसली मागता? आरोप काय दार लावून केला होतात?"

मी खडू घेऊन जिन्याखाली उभा राहिलो. पाण्याची बादली घेऊन चाललेले शेजारी थांबले. बाबाही कठड्यावरून वाकून बघत होते. त्या दिवशी अक्षर काही चांगलं आलं नाही. जुन्या मजकुराखाली मी लिहिलं:

'दवाखाना स्वच्छ आहे. सापडलेली सुई माझ्याच घरातली होती. घरात न विचारता मी डॉक्टरबाईंवर आरोप केला. बाई, मला माफ करा.'